साडेसहा इंचांचा मफलर

महेश्वर इंदूरहून सुमारे 90 किलोमीटर. अहिल्याबाईंनी तिथं विणकर आणून वसवले आणि मी तिथं एकदा माग बघून आले, एवढ्या भांडवलावर टेबलावरचा छोटा हातमाग घेतला. तिथला विणकर गप्पा मारता मारता धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची नळी, इकडून तिकडे फेकत होता. म्हटलं, यात काय!

यात ताणा असतो. दहा इंच रुंद मफलर, इंचाला बारा, म्हणजे 120 उभे धागे, अडीच मीटरचे, सगळे सारखे ताणलेले. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात एवढी सलग मोकळी जागा एकच, फ्रिजच्या मुठीपासून बाल्कनीतल्या खिळ्यापर्यंत. रविवारी सकाळी मी तीच अडवली. पोहे-जलेबी आणायला गेलेले हे परत आले ते ताण्याखालून वाकून, पुडा छातीशी धरून.

"दूध काढू?"

"फ्रिजला हात लावू नका!"

तीन तास घरात चहा झाला नाही. पोहे कोरडेच गेले.

मग ओवणी. एक धागा मागाच्या फणीतल्या भोकातून, पुढचा फटीतून. सासूबाई मोजायला बसल्या, पण त्यांचे कान मालिकेकडे. 37वा धागा भोकाऐवजी फटीत गेल्याचं मला कळलं ते 120वा ओवून झाल्यावर. 84 धागे परत उपसले. त्या रात्री स्वप्नातही मी भोक-फट, भोक-फट करत होते.

प्रत्यक्ष विणणं दोनच संध्याकाळी आटोपलं. बाणा, म्हणजे आडवा धागा, सरळ ओढून घेतला की कडा आत येतात. तो तिरका सैल सोडून मग ठोकायचा असतो. हे कळेपर्यंत अर्धा मफलर झाला होता. सुरुवातीला 10 इंच, शेवटी साडेसहा.

सासूबाईंनी कपाटातून त्यांची महेश्वरी काढून शेजारी ठेवली. ताणा रेशमी, बाणा सुती, काठ दोन्हीकडून सारखा. म्हटलं, "आई, माझ्यातही उलट-सुलट नाही. चूक दोन्हीकडून सारखीच दिसते."

त्या काही बोलल्या नाहीत. मफलर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, कापू का मधून? रुंद बाजूचा दादरा कैरीच्या बरणीला होईल, अरुंद बाजूचा लिंबाच्या."