तलावपाळीचा कट्टा: रेसच्या गाडीची ताकद कमी कशी?

सुरुवात गेमवरूनच झाली. ओंक्याने फोनवर ग्रान टुरिस्मो या रेसिंग गेमचा व्हिडिओ लावला, मॅक्लारेन एफवन जीटीआरचा, म्हणजे एफवन या रस्त्यावरच्या गाडीच्या रेसवाल्या रूपाचा. वर म्हणाला, "रेसवाली आहे. रोडवालीपेक्षा दोनशे घोडे तरी जास्त असणार."

"उलट आहे," मंदार चहा न सोडता म्हणाला. "रोडवालीचं बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटर व्ही-१२ इंजिन ६२७ घोडे देतं. १९९५च्या जीटीआरचं साधारण ६००."

"काहीही! रेसला न्यायची आणि ताकद काढायची?"

"काढली नाही, कोंडली. नियमाने इंजिनच्या हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. ठरलेल्या भोकाची चकती समज. हवा कमी, म्हणजे जाळता येणारं पेट्रोल कमी. इंजिन आतून तेच."

मग केला काय बदल? आत ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा (केज), मागे मोठा विंग, स्टीलऐवजी कार्बनचे ब्रेक, साजशृंगार सगळा बाहेर. गाडी मुळातच हलकी, सांगाडा कार्बन फायबरचा, त्यामुळे फार कापाकापी लागली नाही. खरं तर डिझायनर गॉर्डन मरेने ती रेससाठी काढलीच नव्हती. रे बेलम आणि थॉमस बशर यांच्यासारखे रेस करणारे लोक मागे लागले, तेव्हा जीटीआर झाली. ड्रायव्हर मात्र रोडवालीसारखाच मधोमध. पिटमध्ये ड्रायव्हर बदलताना रुंद कडा ओलांडून मधल्या सीटवर सरकायचं, म्हणजे प्रत्येक वेळी कसरत.

"तरी १९९५ची ल मॉं, ती फ्रान्समधली चोवीस तासांची रेस, जिंकली ना पहिल्याच फटक्यात?" ओंक्या हटेना.

इथे नितीन पेटला. "पाऊस पडला म्हणून जिंकली!"

त्याचं म्हणणं असं, की त्या गाडीचा कच्चा दुवा गिअरबॉक्स आणि क्लच. कोरड्या ट्रॅकवर टायर घट्ट धरतात, आणि इंजिनचा सगळा जोर गिअरच्या दातांवर येतो. ओल्यात चाक थोडं घसरतं, दात वाचतात. सात जीटीआर उतरल्या, पाच शेवटपर्यंत पोचल्या: १, ३, ४, ५ आणि १३. त्यातली हॅरॉड्स या लंडनच्या दुकानाच्या नावाची पिवळी गाडी बराच वेळ पुढे होती, पण अखेरीस गिअर बदलायलाच त्रास देऊ लागली आणि तिसरी आली.

"दुसरी आलेली गाडी कुरेज कंपनीची होती, एकच फेरी मागे," मंदारने मान्य केलं. "तिच्या ड्रायव्हरने, आंद्रेत्तीने, ती सुरुवातीलाच आपटली, दुरुस्तीत वेळ गेला. नाहीतर चित्र वेगळं होतं. पण पावसात कार्बन ब्रेक थंड पडले की धरत नाहीत, तरी लेटोने रात्री जिंकणारी मॅक्लारेन पळवलीच ना? २९८ फेऱ्या, चार हजार किलोमीटरच्या वर! जोडीला ड्रायव्हर दाल्मास आणि सेकियाही होते, पण रात्र लेटोची."

"म्हणजे ड्रायव्हर जिंकला," नितीन.

"आणि न मोडता पोचलेली गाडी," मंदार.

ओंक्याला यात रस नव्हता. गेममध्ये ती वळणावर गरकन फिरते, हे त्याचं दुखणं.

मंदारने समजावलं, "इंजिन मधे, वजन मागे. वळणात मध्येच थ्रॉटल सोडलास की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, फिरणारच. ब्रेक सरळ रेषेत संपव, मग थ्रॉटल थोडा थोडा धरून ठेव. ब्रेक बॅलन्स, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी, एक-दोन घरं पुढे घे, म्हणजे उणे बाजूला. आणि लांब रेसला सरळ रस्त्यावर फ्युएल मॅप, म्हणजे पेट्रोल किती जाळायचं ते सेटिंग, तीन-चार कर, एकवर जाळत बसू नकोस. ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस आणि चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, दोन्ही खऱ्या गाडीत नाहीत, पण तू एबीएस राहू दे बाबा. ट्रॅक्शन आधी एकवर आण, हात बसला की शून्य."

"आणि गिअरबॉक्स?"

"गेममध्ये झिजत नाही रे. तिथेच तर नितीनचा सगळा मुद्दा बुडतो."

नितीनने कप ठेवला, "पाऊस चालू ठेवून खेळ, मग बोल," म्हणाला आणि पुढचा चहा कोणाचा यावर वाद सुरू झाला.