कडाक्याची थंडी, इलेक्ट्रिक गाडी आणि रात्रीची जागा

थंडीची लाट आली की दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरू लागतात. पहिलीत बर्फात चार्जिंग स्टेशनबाहेर खोळंबलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांची रांग, आणि वर "घ्या अजून ईव्ही!" असा टोमणा. दुसरीत नॉर्वेचा आकडा. तिथे 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास 89 टक्के पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या, मग थंडीचं काय घेऊन बसलात? दोन्ही पोस्ट खऱ्या असतात, आणि गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या माणसाला दोन्हींचा काडीचा उपयोग नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. कडाक्याच्या थंडीत ईव्ही साथ देणार की रडवणार, हे ती कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा रात्री कुठे उभी राहते यावर जास्त ठरतं. तिथे प्लग आहे का, एवढं विचारा. बाकीचं सगळं, बॅटरीची केमिस्ट्री, केबिन गरम करणारा हीट पंप, सॉफ्टवेअर, त्यानंतर येतं.

बॅटरीच्या आत काय होतं ते बघू. लिथियम-आयन सेलमध्ये वीज भरायची किंवा काढायची म्हणजे लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे जायला हवेत. मधला इलेक्ट्रोलाइट द्रव असतो. पारा उतरला की तो दाट होतो, आयन रेंगाळतात, एका इलेक्ट्रोडमधल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायला त्यांना वेळ लागतो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्होल्टेज झपकन खाली येतं, आणि साठलेल्या ऊर्जेचा काही हिस्सा आत असूनही हाती लागत नाही. तो कुठे गेलेला नसतो. सेल गरम झाले की परत मिळतो. एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांना हा त्रास निकेल वापरणाऱ्या बॅटऱ्यांपेक्षा जास्त होतो. पण थंडीने बॅटरीचं आयुष्य कमी होतं ही समजूत साफ उलटी आहे. बॅटरीला लवकर म्हातारं करते ती उष्णता. गार जागी उभी असलेली बॅटरी हळू झिजते.

धोका आहे तो गारठलेली बॅटरी जोरात चार्ज करण्यात. आयनांना ग्राफाइटच्या आत वेळेत शिरता आलं नाही, तर लिथियम पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचू लागतं. त्यातलं बरंचसं कायमचं वाया जातं, आणि त्याला सुईसारखे कोंब फुटले तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून बॅटरीवर पहारा ठेवणारी यंत्रणा, बीएमएस, चार्जिंगचा प्रवाह आखडता घेते. चार्जर कितीही दांडगा असो, गाडीच वीज घ्यायला नकार देते. ब्रेकिंगमधून वीज परत भरायची सोयही याच कारणाने सकाळी सकाळी अर्धवट चालते किंवा बंद असते. पेडलवरचा पाय उचलला तरी गाडी रोजच्यासारखी आवरत नाही. निसरड्या रस्त्यावर नवखा माणूस इथे दचकतो, आणि विकताना हे कोणी सांगत नाही.

आता गंमत अशी, की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, घटण्याचा मोठा दोषी बॅटरी नाहीच, हीटर आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2019 मध्ये पाच ईव्ही घेऊन उणे 7 अंशांच्या आसपास चाचणी केली. हीटर बंद ठेवून रेंज सरासरी 12 टक्के घटली. हीटर लावल्यावर 41 टक्के! मधली सगळी तफावत केबिन उबदार ठेवण्याची.

त्यातही एक बारकावा आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. मोटर किलोमीटरवर खाते, हीटर तासावर. हायवेवर ताशी 90 ने जाताना गाडी साधारण 15 किलोवॅट खेचत असेल, तर हीटरचे 3 किलोवॅट म्हणजे पाचवा हिस्सा. तीच गाडी शहराच्या गर्दीत ताशी 20 ने सरकत असेल तर मोटरलाच जेमतेम 3 किलोवॅट लागतात, आणि हीटर तेवढेच खातो. दर किलोमीटरचा खर्च सरळ दुप्पट! शिवाय दर थांब्यानंतर केबिन पुन्हा गार, पुन्हा शून्यापासून सुरुवात. एरवी ईव्ही शहरात जास्त पळते आणि हायवेवर कमी. कडक थंडीत हे गणित उलटं होऊ शकतं. कामासाठी दिवसभर दहा ठिकाणी थांबत फिरणाऱ्या माणसाला जो फटका बसतो, तो सलग दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला बसत नाही. दोघंही आपापला अनुभव छातीठोकपणे सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बाकीचे चोर किरकोळ, पण आहेत. उणे 20 अंशांची हवा अधिक 20 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 15 टक्के जड असते, म्हणजे हवेचा रोधही तेवढाच वाढतो. टायरमधली हवा आकसते, रबर कडक होतं, वर रस्त्यावर बर्फाचा लगदा. आणि हे सगळं पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे.

पेट्रोलवाल्यांना थंडी जाणवत नाही याचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. त्यांचं इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच मोठा भाग उष्णता म्हणून उधळतं. त्यातली थोडी केबिनकडे वळवली की हीटर फुकट. ईव्हीची मोटर एवढी काटकसरी, की वाया जाणारी ऊब जवळजवळ नसतेच. ती वेगळी विकत घ्यावी लागते. तरीही पेट्रोल गाडी थंडीतून सहीसलामत सुटत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार उणे 7 अंशांत शहरातलं मायलेज 25 अंशांच्या तुलनेत सुमारे 15 टक्के पडतं, आणि अगदी छोट्या फेऱ्यांत 24 टक्क्यांपर्यंत. ते कोणी मोजत बसत नाही, कारण टाकी पाच मिनिटांत भरते. डिझेलचं तर विचारूच नका. त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतात, म्हणून हिवाळी डिझेल वेगळं बनवावं लागतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. कॅनडाच्या प्रेअरी म्हणजे गवताळ मैदानी भागात किंवा अलास्काच्या फेअरबँक्समध्ये पार्किंगच्या जागेवर विजेचं सॉकेट असणं ही ईव्हीने आणलेली फॅशन नाही. पेट्रोल-डिझेलची इंजिनं रात्रभर गोठू नयेत म्हणून त्यांना ब्लॉक हीटर लावतात, त्यासाठी ती सॉकेटं आहेत. जिथे खरी थंडी आहे तिथल्या लोकांनी गाडी रात्री प्लगला लावायची असते हे केव्हाच मान्य केलंय.

म्हणून मी म्हणतो, रात्रीची जागा बघा. प्लगला लावलेली गाडी निघायच्या आधी बॅटरी आणि केबिन दोन्ही घराच्या विजेवर गरम करून घेते. 400 किलोची बॅटरी उणे 15 वरून अधिक 15 वर आणायची तर ढोबळ हिशेबाने तीन-साडेतीन युनिट लागतात. प्लग असेल तर हे युनिट मीटरवर पडतात. नसेल तर रेंजमधून जातात, आणि तेही आधीच आखडलेल्या रेंजमधून. वर सकाळी भरलेली गाडी मिळते, त्यामुळे फास्ट चार्जरचं तोंड फक्त लांबच्या प्रवासात बघावं लागतं.

आता जानेवारी 2024 मधलं शिकागो आठवा. पारा उणे 20 च्या आसपास, फास्ट चार्जरपुढे तासन्‌तास रांगा, काही गाड्या रांगेतच बंद. ज्यांच्या घरी चार्जर नाही त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. रात्रभर उघड्यावर गारठलेली बॅटरी घेऊन ते चार्जरवर पोचले. थंड बॅटरी वीज हळू घेते, म्हणून प्रत्येक गाडी जास्त वेळ जागा अडवते, म्हणून रांग वाढते, आणि रांगेतली माणसं कुडकुडत हीटर लावून बसतात, म्हणजे उरलेलं चार्जही संपत जातं. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक टॅक्सींची माहिती तपासली होती. 25 अंशांत अर्ध्या तासात जेवढं चार्ज होतं, त्यापेक्षा शून्य अंशाला 36 टक्के कमी भरलं. शून्याला! उणे वीसचा अंदाज तुम्हीच करा. चार्जरकडे जाताना नकाशात तोच पत्ता टाकला तर बऱ्याच गाड्या वाटेत बॅटरी तापवून घेतात, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांचं निभावतं. पण चार्जर दोन गल्ल्यांवर असेल तर तापायला वेळ कुठे मिळणार?

नॉर्वेच्या भक्तांनाही थोडं सुनावतो. ओस्लोची थंडी म्हणजे सैबेरिया नव्हे, आणि लांबलचक किनारा उबदार सागरी प्रवाहामुळे त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य आहे. जिथे खरा कडाका आहे त्या उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये ईव्हीचा वाटा दक्षिणेपेक्षा बराच काळ मागे होता. करात वर्षानुवर्षं दिलेली सवलत हेही 89 टक्क्यांमागचं मोठं कारण आहे. तरी तिथे गाड्या चालतात, रोज चालतात, आणि त्यामागे घरोघरचे चार्जर आहेत. सेल तेच, भौतिकशास्त्र तेच.

मग ज्याला रस्त्यावर गाडी लावावी लागते त्याने काय करायचं? मी स्पष्टच सांगेन. वर्षातले काही महिने पारा उणे पंधरा-वीसवर जात असेल, घरी किंवा ऑफिसात प्लग नसेल आणि घरात एकच गाडी असेल, तर आज ईव्ही घेऊ नका. पर्यावरणाची कितीही कळकळ असली तरी. हे बोललं की काही मित्र मला पेट्रोल लॉबीचा माणूस ठरवतात. ठरवोत. सोय नसलेल्या माणसाच्या गळ्यात ईव्ही मारली की तो पुढची दहा वर्षं ईव्हीविरुद्ध प्रचार करतो.

बर्फात अडकल्यावर ईव्हीत गोठून मराल, ही भीती मात्र मला पटत नाही. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात आय-95 महामार्गावर बर्फामुळे काही लोक चोवीस तासांहून जास्त अडकले, तेव्हा ही चर्चा जोरात झाली. हिशेब करा. उभ्या गाडीत केबिन नुसती उबदार ठेवायला साधारण दीड-दोन किलोवॅट पुरतात. बॅटरीत 30 युनिट शिल्लक असतील तर पंधरा तास सहज निघतात. फक्त सीट हीटरवर भागवलंत तर आणखी कितीतरी जास्त, कारण त्याला शंभर वॅटच्या आतबाहेरच लागतात. दुसरीकडे, इंजिन चालू ठेवून बसलेल्या गाडीचा एक्झॉस्ट बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, आणि दर हिवाळ्यात कुठे ना कुठे त्याने जीव जातात. अर्थात बॅटरी 8 टक्क्यांवर असताना वादळात निघणाऱ्याला कोणतीही गाडी वाचवू शकत नाही.

हीट पंपाबद्दल थोडक्यात. उलटा चालवलेला फ्रिज समजा. बाहेरच्या गार हवेतून उष्णता ओढून आत आणतो, म्हणून सौम्य थंडीत एका युनिटमागे दोन-तीन युनिटांची ऊब देतो. निसानने 2013 च्या लीफमध्ये तो आणला, आता बऱ्याच गाड्यांत असतो. पण पारा उणे वीसच्या खाली गेला की त्याचा फायदा आटत जातो आणि साध्या हीटरवर यावं लागतं. जाहिरातीत ही शेवटची ओळ नसते.

आणि माझा खरा राग जाहिरातींवरच आहे. युरोपात रेंजचा जो डब्ल्यूएलटीपी आकडा छापतात, तो प्रयोगशाळेत 23 अंशांवर, हीटर-एसी बंद ठेवून काढलेला असतो. कंपन्या स्वतः दर हिवाळ्यात स्वीडनच्या आर्येप्लोगला गोठलेल्या तळ्यांवर गाड्या तपासतात. उणे 20 ला आपली गाडी किती जाते हे त्यांना किलोमीटरनिशी माहीत असतं, फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. ते काम नॉर्वेच्या मोटार महासंघाला, एनएएफला, करावं लागतं. 2020 पासून ते हिवाळ्यात गाड्या बंद पडेपर्यंत चालवून पाहतात आणि छापील रेंज नि खरी रेंज शेजारी शेजारी मांडतात. पहिल्याच वर्षी सरासरी 18.5 टक्क्यांची घट निघाली, आणि गाडीगणिक फरक तर भलताच होता. गाडीच्या कागदावर दुसरा आकडा छापणं सक्तीचं करा: उणे 10 ला, हीटर लावून, शहरात.

सोडियम-आयन बॅटरी आली की हा प्रश्नच मिटेल, असंही हल्ली ऐकू येतं. सीएटीएल या चिनी कंपनीने एप्रिल 2025 मध्ये तिची नवी सोडियम बॅटरी जाहीर करताना उणे 40 अंशांतही 90 टक्के क्षमता टिकते असा दावा केला. सोडियमला थंडी कमी बाधते हे खरं आहे. पण तेवढ्याच वजनात ते लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवतं, आणि हीटरची भूक बॅटरी बदलल्याने कमी होत नाही. एनएएफने अशी गाडी डोंगरात बंद पडेपर्यंत पळवली की त्यांचा आकडा मी आधी वाचेन, कंपनीचा नंतर.