‘मोहोळ जाळले तरी राणी नवे उभारते’ हा दावा खोटा आहे

राणी हुकूम सोडते, नर पहारा देतात आणि डंख मारतात, माश्या रस शोषून तुरीचा बहार गाळतात, आणि मोहोळ जाळले तरी राणी उडून जाऊन आठ दिवसांत नवे उभारते, असे सांगणारा एक संदेश सध्या आपल्या वऱ्हाडातल्या गावागावांत फिरतो आहे. तो वाचून माझा मामेभाऊ बांधावरच्या उंबराचे आग्यामोहोळ पेटवायला टेंभा बांधू लागला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

जाळण्याच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे अज्ञान आहे आणि हा विध्वंस आहे. आग्या माशीचे पोळे एकच आणि उघडे असते. त्यावर कामकरी माश्यांचे थर अंगाला अंग लावून बसतात आणि त्यांच्याआड मेणाच्या घरांत अंडी, अळ्या व कोष असतात. टेंभा लागला की आधी हे थर होरपळून खाली पडतात, मग मेण वितळते आणि पांढऱ्या अळ्या राखेत गळतात. राणी वाचली तरी ती एकटी काय करणार? तिला मेण पाडता येत नाही, पराग आणता येत नाही, पिल्ले पोसता येत नाहीत. ही कामे कामकरी माशी वयानुसार करते : आधी घरांची सफाई, मग अळ्यांना भरवणे, मग बांधकाम, पहारा आणि शेवटी फुलांवरची फेरी. अंड्यापासून अशी माशी तयार व्हायलाच अडीच-तीन आठवडे लागतात. मग आठ दिवसांत मोहोळ उभारणार कोण?

पुढच्या हंगामात त्याच झाडावर मोहोळ दिसते, हे मान्य. आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात आणि ठरावीक झाडांवर पुन्हा येतात. म्हणून जळालेले मोहोळ परतले, असे होत नाही. मधच हवा असेल, तर वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने संरक्षक पोशाख घालून फांदीलगतचा मधाचा भाग तेवढा कापण्याची आणि अळ्यांचा भाग राखण्याची पद्धत शिकवलेली आहे.

हुकमाची गोष्ट कार्ल फॉन फ्रिश यांच्या संशोधनापुढे टिकत नाही. फुले कोणत्या दिशेला व किती लांब आहेत, हे परतलेली कामकरी माशी पोळ्यावर नाचून इतर कामकऱ्यांना सांगते, हे त्यांनी उलगडले आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या सांगण्या-ऐकण्यात राणी कुठेच नाही. तिच्या गंधाने वसाहत बांधलेली राहते, एवढे खरे; पण ती गेली तर कामकरी माश्याच कोवळ्या अळीला रॉयल जेली, म्हणजे त्यांच्याच ग्रंथींतून पाझरणारे पौष्टिक खाद्य, भरवून नवी राणी घडवतात.

नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला प्रकार आहे, त्यामुळे ती नराला असूच शकत नाही. आपल्याला डसते ती प्रत्येक मधमाशी मादी असते.

तुरीचा बहार धुवारीने, ढगाळ हवेने किंवा पाण्याच्या ताणाने गळतो, माशीने मकरंद नेल्याने नव्हे. कारले, भोपळा, टरबूज यांना तर माश्यांवाचून फळ नीट धरत नाही. फवारणी करावीच लागली, तर ती फुलांवरच्या माश्या परतल्यावर, दिवस मावळताना करावी.