चमकणारं पाणी डोळे भरून बघा, पण त्या पाण्यातल्या शिंपल्या खाऊ नका

सकाळपासून तोच एक व्हिडिओ फिरतोय. तुमच्यापैकी कित्येकांनी तो पुढे पाठवलाय, म्हणूनच हे लिहितेय. काळोख आहे, लाट फुटते, निळा उजेड सळसळत किनाऱ्याला येतो, लोक आनंदाने ओरडतात. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पण मग कॅमेरा वळतो आणि गुडघाभर पाण्यात दोघं जण टॉर्च धरून शिंपल्या वेचताना, बादलीत टाकताना दिसतात. मागून कुणीतरी म्हणतं, "नॅचरल आहे रे, काही होत नाही." खाली बदामांचा पाऊस. त्या बादलीबद्दल कुणाचा एक शब्द नाही.

काही होत नाही, हे ठरवलं कुणी? पाणी कोणत्या जिवामुळे चमकतंय हे तरी कुणी बघितलं का?

समुद्राच्या पाण्यात असा उजेड पाडणारे बहुतेक जीव डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय प्लवकांच्या गटातले. यातली सगळ्यात ठाऊक असलेली जात म्हणजे नॉक्टिल्युका सिंटिलान्स. ती स्वतः माणसाला बाधेल असं विष बनवत नाही. हे मला मान्य आहे, आणि "घाबरू नका" म्हणणारे सगळे याच एका वाक्यावर उभे असतात. पण याच गटातली पायरोडिनियम बहामेन्स ही जातही चमकते, अगदी तसाच निळा उजेड देते, आणि सॅक्सिटॉक्सिन नावाचं माणसाला बाधणारं विष बनवते. अलेक्झांड्रियमच्या काही जातीही चमकतात आणि तेच विष बनवतात. उजेडाच्या रंगावरून किंवा जोरावरून यांच्यातला फरक कळत नाही. कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

कारण उजेडाची यंत्रणा सगळीकडे जवळपास एकच आहे. पाणी ढवळलं की पेशीच्या पडद्यावर दाब येतो, आत विद्युत संदेश धावतो आणि सिंटिलॉन नावाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये आम्ल शिरतं. तिथला पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की ते उतरतं) ८ वरून ६ च्या आसपास उतरतो, ल्युसिफेरेज हे विकर जागं होतं, ल्युसिफेरिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि साधारण दशांश सेकंदाची एक ठिणगी पडते, ४७५ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या रंगाची. विषाचा या साखळीशी काडीचा संबंध नाही. विष बनतं वेगळ्या वाटेने, वेगळ्या कारणासाठी.

आणि फोटोंचं तर विचारूच नका. आठ-दहा सेकंद उघडं ठेवलेलं भिंग, आयएसओ ३२०० (म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद वाढवलेली), अमावस्येची रात्र. प्रत्येक पेशीची क्षणभराची ठिणगी एकावर एक साठत जाते आणि समुद्र पेटल्यासारखा दिसतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना त्याच्या निम्मंही दिसलेलं नसतं. अशा फोटोवरून "यंदा प्रचंड आलाय" असं लिहिणाऱ्यांनी सकाळी जाऊन पाणी बघावं.

कारण खरी माहिती सकाळीच मिळते. नॉक्टिल्युकाचा तांबडा प्रकार असेल तर पाण्यावर गुलाबी-नारिंगी पट्टे दिसतात. वारा आणि प्रवाह पेशींना एका रेषेत ढकलत नेतात म्हणून ते लांबलचक असतात. हिरवा प्रकार असेल तर रंग ओतल्यासारखा दाट हिरवा थर. या हिरव्या प्रकारात पेशीच्या पोटात दुसरे इवलेसे हिरवे जीव राहतात आणि तिला आयतं अन्न पुरवतात. अरबी समुद्रात २००० नंतर हिवाळ्यात या हिरव्या प्रकाराचे मोठाले बहर, म्हणजे पेशींची एकाएकी बेसुमार वाढ, दिसू लागले. खालून वर येणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यामुळे हे घडतं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काहींना ते पटत नाही, वाद चालू आहे.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी सांगते. पारदर्शक काचेची बाटली घ्या, वरच्या थरातलं पाणी पाऊण बाटलीपर्यंत भरा. पूर्ण भरू नका, आतल्या जिवांना हवा लागते. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं तिला हात लावू नका. नॉक्टिल्युका असेल तर टाचणीच्या डोक्याहून लहान, पारदर्शक गोळे हळूहळू वर येऊन पृष्ठभागाला चिकटलेले दिसतील. तिच्या पेशीत अमोनियमयुक्त हलका द्रव भरलेला असतो, त्यामुळे ती तरंगते. आकार ०.२ ते २ मिलिमीटर, म्हणजे एकच पेशी असून नुसत्या डोळ्यांना दिसते! दहापट भिंगातून पाहिलं तर गोळ्याला एका बाजूला खाच आणि तिथून निघालेली एकुलती एक सोंड दिसते, मंद हलणारी. ही सोंड बघताना मला दरवेळी या जिवाबद्दल फार माया वाटते.

पण गोळे दिसले म्हणजे सुटलात असं नाही. पायरोडिनियम ५० मायक्रॉनच्या आतबाहेर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती बाटलीत दिसणारच नाही. ती नॉक्टिल्युकाच्या सोबतीनेही असू शकते. पाणी चमकतंय आणि गोळे मुळीच नाहीत, तर संशय जास्त घ्यायचा. मग २० मायक्रॉनची जाळी, सूक्ष्मदर्शक आणि ओळखणारा माणूस हवा. नमुना लगेच पोचवता येत नसेल तर वेगळ्या बाटलीत लुगोल आयोडीन (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाला, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतपतच. एक बाटली मात्र जिवंतच ठेवा, कारण नॉक्टिल्युका टिकवण्याच्या रसायनात आकसते आणि ओळखू येत नाही.

आता त्या बादलीकडे येते. शिंपल्या, कालवं, तिसऱ्या दिवसभर पाणी गाळत बसतात आणि गाळलेलं विष अंगात साठवतात. त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. दिसायला ताज्या, वासाला ताज्या, चवीला नेहमीसारख्या. "चांगलं उकळून घेऊ" हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो. सॅक्सिटॉक्सिन उकळून मरत नाही! ते पाण्यात विरघळतं, म्हणजे रश्श्यात उतरतं. १९८७ मध्ये ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शिंपल्यांचं सूप पिऊन १८७ जण आजारी पडले, त्यातले २६ गेले. सूप उकळलेलंच होतं. अनेक देशांत मान्य असलेली मर्यादा आहे शिंपल्यांच्या १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम विष. हे जिभेने मोजायचं काम नाही, प्रयोगशाळेचं आहे.

फिलिपिन्समध्ये १९८३ पासून पायरोडिनियमचा त्रास आहे. तिथलं मत्स्य खातं किनारा बंद करताना पत्रकात शिंपल्यांबरोबर जवळ्याचंही नाव घालतं. हे नीट वाचा, कारण जवळा आपण अख्खा खातो, पोटासकट. मोठ्या माशाचं मांस त्या मानाने ठीक, पण मासा ताजा हवा, धुतलेला हवा आणि आतडी व कल्ले काढून फेकलेले हवेत. छोटे मासे पोटासकट खाल्ले तर तोच धोका. आणि उजेड गेला म्हणून दुसऱ्या दिवशी शिंपल्या सुरक्षित होत नाहीत. विष अंगातून उतरायला काही आठवडे, काही जातींत महिनेही लागतात.

मी उगाच भीती पसरवतेय असं काहींना वाटेल. चमकत्या पाण्याच्या बहुतेक रात्री कुणालाही काही न होता जातात, हे खरंच आहे. हात बुडवला तर काही होत नाही. कुणाच्या कातडीला खाज सुटते, गोड्या पाण्याने धुवा. पाणी तोंडात जाऊ देऊ नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांना ओली बोटं चोखू देऊ नका. बास.

आणि दुसऱ्या टोकाचे लोकही आहेतच. "केमिकल सोडलंय", "समुद्र विषारी झालाय". त्यांचाही तितकाच राग येतो. नॉक्टिल्युकाचा बहर मासे मारतो, पण त्याची रीत वेगळी आहे. पेशी मरायला लागल्या की साठवलेला अमोनिया पाण्यात सुटतो आणि त्या कुजताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. २०१९ च्या सप्टेंबरात भारत आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात मेलेले मासे किनाऱ्याला लागले ते नॉक्टिल्युकाच्या बहरातच. २०२० च्या वसंतात दक्षिण कॅलिफोर्नियात लिंग्युलोडिनियम या आणखी एका चमकणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या उजेडाचे व्हिडिओ जगभर फिरले. त्याच बहरात तिथल्या उथळ खाड्यांत मासे गुदमरून मेले, ते व्हिडिओ मात्र फिरले नाहीत.

ज्यांचे मासे पाळायचे पिंजरे किंवा तलाव या पाण्यावर आहेत त्यांनी दोन वेळा लक्षात ठेवाव्यात. ऑक्सिजन सगळ्यात खाली असतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांचं कठीण. अमोनियाची वेळ वेगळी असू शकते. हिरव्या बहरात दुपारी प्रकाशसंश्लेषणाने पीएच चढतो, आणि पीएच चढला की त्याच अमोनियाचा जास्त भाग मारक रूपात जातो. ३० अंश तापमानाला पीएच ८.२ असेल तर साधारण दहावा हिस्सा, ७.२ असेल तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणून मीटर एकदाच, सोयीच्या वेळी बुडवून भागत नाही. बहर आला की बाहेरचं पाणी घेणं थांबवा, घ्यावंच लागलं तर वरचा थर टाळून खोलातून घ्या. खाद्य बंद करा, एअरेटर रात्रभर चालू ठेवा.

आणि बहर मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू नका, कुणी कितीही सांगो. पेशी एकदम फुटतात, अमोनिया असो की विष, सगळं एका तासात पाण्यात येतं, आणि मग ऑक्सिजन कोसळतो. चार दिवसांत ओसरणारं संकट एका रात्रीवर आणून ठेवायचं हे काम.

त्या दोघांनी बादलीचं पुढे काय केलं ते व्हिडिओत नाही. त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण लिहिता लिहिता राग उतरलाय. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. किनाऱ्यावर पाटी नव्हती, व्हिडिओखाली शेकडो कॉमेंट होत्या आणि त्यातली एकही ही नव्हती.

तर कुणी अशा शिंपल्या खाल्ल्या असतील त्यांच्यासाठी. ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी होतात, बहुधा अर्ध्या ते दोन तासांत. मग बधिरपणा, तोल जाणं, शब्द जड होणं. झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका, थेट रुग्णालयात जा आणि "शिंपल्या खाल्ल्या, पाणी चमकत होतं" हे पहिल्या वाक्यात सांगा. याला उतारा नाही, पण श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर माणसाला वाचवतो, आणि पहिले १२ ते २४ तास निभावले की माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. उरलेल्या शिंपल्या फेकू नका. पिशवीत बांधून, वर "खाऊ नये" लिहून फ्रीजमध्ये ठेवा, तपासणीला लागतात. सोबत जेवलेल्या प्रत्येकाला फोन करा, त्याला अजून काही होत नसलं तरी.