‘एक जागरूक पुणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पुण्यातल्या बागा दुपारीही उघड्या ठेवाव्यात, या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जागरूक पुणेकर’ यांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. एक अक्षरही न कापता मी ती प्रसिद्ध केली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बागा दुपारी उघडल्या तर जोडपी आणि दारुडे येऊन बसतील. जादा रखवालदारांचा पगार कोण देणार? माळ्यांनी काम करायचं कधी? आजूबाजूच्या सोसायट्यांनी दुपारची झोप घ्यायची की नाही? आणि शेवटी: ‘मॅडम, एसीत बसून बागांवर लिहिणं सोपं असतं. आपण कधी भर दुपारी बागेत पाऊल तरी ठेवलंय का?’

नाही ठेवलं. कसं ठेवणार? गेटला कुलूप असतं. लेख त्यावरच होता, काका. (वयाचा दाखला आपणच दिलात म्हणून काका म्हणते.)

मतभेदाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आपल्यापेक्षा कडक विरोध करणारे वाचक मला मिळाले आहेत आणि त्यातल्या काहींशी आता चांगली ओळख आहे. पण ते आधी लेख वाचतात, मग लेखाबद्दल बोलतात. माझ्या घरी एसी आहे की नाही, याचा बागेच्या वेळापत्रकाशी काय संबंध? समजा, आहे. मग सकाळी दहा-अकराला बंद झालेली बाग चारनंतरच उघडते, हे खोटं ठरतं का?

आता विषय काढलाच आहे तर सांगते. माझे वडील याच शहरातल्या एका सार्वजनिक बागेत माळी होते. बिगारी म्हणून लागले आणि माळी म्हणून निवृत्त झाले. मेंदीचं कुंपण कधी छाटायचं, हिरवळीत हरळी आणि लव्हाळा कसा ओळखायचा, हे मी शाळेच्या पुस्तकातून शिकलेले नाही. माझी आई पेठेत धुण्याभांड्यांची कामं करायची. सकाळची घरं बारापर्यंत उरकायची आणि संध्याकाळची चारनंतर सुरू व्हायची. मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं तर बसचे पैसे घालवायचे. म्हणून ती कुणाच्या तरी जिन्यात बसायची, तिथून कुणी उठवलं की बागेच्या कुंपणाबाहेर, फुटपाथवर. आत वर्षावृक्षाची सावली, तिथल्या बाकावर वडील डबा खात असायचे. त्यांनी तिला कधी आत घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. या बाबतीत माझे वडील शंभर टक्के आपल्या बाजूचे होते. बागेलाही दुपारी विश्रांती लागते असं ते म्हणायचे. म्हणजे घरातच हा वाद ऐकत मी वाढले आहे. आपण कोणत्या अनुभवावर बोलताय? आपल्या प्रतिक्रियेत तेवढंच सांगायचं राहिलंय.

आईसारख्या बायका आजही आहेत. त्यांच्या जोडीला आता ॲपवरून जेवण पोचवणारी मुलं आली आहेत, जी पुलाखाली गाडीच्या सीटवर आडवी होतात. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी मुलं आहेत. पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी एकदा बसून बघा. या सगळ्यांना सावली हवी असते ती बारा ते चारमध्ये, आणि शहरातली सगळ्यात चांगली, लोकांच्या पैशातून वाढवलेली सावली आपण नेमकी त्याच वेळेला कुलपात ठेवतो. सकाळी सहाला जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्याला सावलीची गरज नसते. त्याच्यासाठी मात्र गेट उघडं. वेळापत्रक कुणाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून केलंय हे यावरून कळतं, आणि माझ्या लेखातलं हे वाक्य तुम्हाला झोंबलं असावं असा मला संशय आहे.

एक मुद्दा मान्य. गवत कापायचं मशीन लोकांच्या पायात चालवता येत नाही, फांद्या उतरवताना खाली माणसं नकोत. मग आठवड्यातून एक दिवस दुपारी बाग बंद ठेवा, किंवा जिथे काम चालू आहे तेवढ्या भागाला दोरी बांधा. झालं.

जोडपी? बसतात. बसू देत. एकमेकांशेजारी बसायला घरात जागा नसलेल्या शहरात ती कुठे बसतील असं तुम्हाला वाटतं? दादरच्या शिवाजी पार्काचं मैदान १९२५ पासून लोकांसाठी खुलं आहे. कट्ट्यावर दुपारीही माणसं असतात, जोडपी असतात, पेन्शनर असतात, आत पोरं क्रिकेट खेळतात. दादर बुडालेलं नाही. आपल्याकडे एम्प्रेस गार्डन ३९ एकरांची आहे, तिकीट काढून भर दुपारी आत बसता येतं, आणि तिथली झाडं तुमच्या-माझ्या आजोबांपेक्षा जुनी आहेत. दुपारच्या माणसांनी ती वाळली नाहीत. बंगळुरूत २०२४ मध्ये महापालिकेच्या बागा पहाटे ५ ते रात्री १० उघड्या ठेवायचं जाहीर झालं. तिथे माळी नसतील असं नाही.

दारुड्यांचं म्हणाल, तर त्यांना रिकामी जागा आवडते. बायका, मुलं, म्हातारी माणसं बसलेली असतील तिथे बाटली काढायची हिंमत कमी होते. कुंपणावरून उडी मारून बंद बागेत शिरणारे कोण असतात हे रखवालदाराला विचारा. आणि हो, तो रखवालदार: बंद गेटच्या आत खुर्ची टाकून तो दुपारी असतोच. पगारही घेतोच. जादा कुणी लागलाच तर ‘अमुक यांच्या संकल्पनेतून साकारलेले’ असं लिहिलेल्या ग्रॅनाइटच्या पाट्या आणि दर काही वर्षांनी उखडून नव्याने बसवलेले पेव्हर ब्लॉक यांच्याकडे आधी बघावं, मग पैसे नाहीत म्हणावं.

सोसायट्यांच्या झोपेबद्दल मी काही लिहीत नाही. बागेत माणसं सावलीत बसणार आहेत, ढोल वाजवणार नाहीत.

‘पुढचा लेख लिहिण्याआधी अभ्यास करा’ असा सल्लाही आपण दिलाय. पुढचा लेख बागांमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहांवर आहे, त्यांनाही बहुतेक वेळा कुलूपच असतं. त्यावर जरूर लिहा, फक्त नावानिशी लिहा. मी माझ्या नावाने लिहिते.