शाम्पूच्या पुडीनं घाटेअळी मरत नाही

हरभरा फुलावर आला की दरवर्षी घाटेअळीवरचा, म्हणजे हरभऱ्याचे घाटे (शेंगा) पोखरणाऱ्या अळीवरचा, एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा मला तो तीनदा आला, त्यात एकदा खुद्द साडूकडून. मजकूर थोडक्यात असा:

"शेतकरी बंधूंनो, घाटेअळी एका रात्रीत साफ! १५ लिटरच्या पंपाला शाम्पूची एक पुडी, मूठभर कपड्याची पावडर आणि तंबाखूचा काढा. ढग आले की अळी पडते, म्हणून आभाळ येताच फवारा. अळी मोठी असेल तर दोन-तीन औषधं एकत्र करून डबल डोस द्या. निंबोळी अर्क, सापळे, पक्षीथांबे हे सगळं पुस्तकी थोतांड. जैविक बीटी तर मारूच नका, ते कपाशीतलंच विष आहे, माणसालाही बाधतं."

खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. पाठवणाऱ्याच्या मनात काळं नसतं, हे मान्य. पण एवढ्या मजकुरात खरं म्हणावं असं एकच वाक्य आहे, आणि तेही अर्धंच.

आधी शाम्पू आणि पावडर. साबणाच्या पाण्यानं मावा मरतो, हे मीही पाहिलंय. मावा मऊ अंगाचा, शेंड्यावर उघडा बसलेला. साबणानं त्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण जातं आणि तो सुकतो. घाटेअळीचं तसं नाही. घाट्याला गोल भोक, तोंडाकडचं अर्धं अंग आत आणि मागचं अर्धं बाहेर लोंबतंय, अशी ती जेवायला बसलेली असते. वरून फेस पडला तर ती अंग आक्रसते, थोड्या वेळानं परत खायला लागते. निंबोळी अर्कात साबण घालायला सांगतात तो अर्क पानावर पसरावा म्हणून, १०० लिटरला २०० ग्रॅम. म्हणजे आपल्या पंपाला ३० ग्रॅम. त्या पाण्यात मारण्याचं काम अर्क करतो.

दुसरं असं की हरभऱ्याला स्वतःची आंब असते. पहाटे दवात हरभऱ्यातून चालून आलं की पॅन्टच्या कडा ओल्या होतात आणि ते बोट जिभेला लावलं तर आंबट लागतं. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल ते. यातल्या ऑक्झॅलिक आम्लानं अळीची वाढ खुंटते, हे हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत दिसून आलं आहे. कपड्याची पावडर आम्ल मारणारी. झाडानं रात्रभर गाळलेलं औषध आपणच सकाळी पंपानं धुऊन काढायचं आणि वर कोवळे शेंडे करपवायचे, असा हा उपाय आहे.

तंबाखूच्या काढ्यात निकोटिन असतं आणि ते जहाल विष आहे. पूर्वी रस शोषणाऱ्या किडींवर ते वापरत; घाट्यात तोंड खुपसलेल्या अळीवर त्याचा भरवसा नाही. काढा उकळणाऱ्याला आणि फवारणाऱ्याला मात्र ते कातडीतून नक्की भिनतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येते ती यानंच. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला देशात बंदी आहे. 'घरगुती' म्हणून तेच विष चुलीवर उकळलं तर सौम्य होत नाही. शिवाय हरभऱ्याचे शेंडे आपण भाजीला खुडतो, सोलाणे कच्चे खातो, पोरं बांधावर हुळा भाजतात. मेसेज लिहिणाऱ्यानं हे कधी केलेलं दिसत नाही.

आता ते अर्धं खरं वाक्य. 'ढग आले की अळी पडते.' ढगाळ, दमट हवा या किडीला मानवते, तेवढं बरोबर. पण अळी आभाळातून पडत नाही. मादी पतंग रात्री येते आणि कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर एकेक अंडं सुटं ठेवत जाते. खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं. तीन-चार दिवसांत ते फुटतं, थंडीत जास्त दिवस लागतात. निघालेली अळी दोऱ्याच्या तुकड्यासारखी असते. ती पानातला हिरवा भाग खरवडते आणि पानावर पांढुरके चट्टे पडतात. मग कात टाकत टाकत ती वाढते, दोन-तीन आठवड्यांत बोटाच्या दीड पेराएवढी होते आणि जमिनीत उतरून कोषात जाते. यातलं बहुतेक सगळं खाणं शेवटच्या आठवडाभरातलं. एक अळी ३० ते ४० घाटे पोखरते म्हणतात ते याच वयातलं.

म्हणजे ढगाळ सकाळी बांधावरून जी जाडजूड हिरवी अळी दिसली, तिचं अंडं पंधरवड्यापूर्वी घातलेलं होतं. तेव्हा आभाळ निरभ्र होतं आणि आपण लग्नाच्या पंगतीत होतो.

आभाळ आलं तर पंप काढण्याआधी शेतात जावं. दोन ओळींच्या मध्ये जुनं वर्तमानपत्र अंथरावं, मीटरभर ओळ हलक्या हातानं झटकावी आणि पडलेल्या अळ्या मोजाव्यात. एकरात आठ-दहा ठिकाणी असं करायला अर्धा तास लागतो. मीटरला सरासरी एक-दोन अळ्या किंवा शंभरात पाच घाटे पोखरलेले, इथं फवारणीची वेळ होते. त्याच्या खाली असेल तर घरी यावं, दोन-तीन दिवसांनी परत जावं. यात रंगाचं मनावर घेऊ नये. एकाच शेतात हिरवी, पिवळी, तपकिरी, गुलाबीसर अशी सगळ्या रंगांची घाटेअळी सापडते. 'ही वेगळीच अळी आहे' म्हणून वेगळं औषध विकणारे असतात.

कामगंध सापळ्याला (मादी पतंगाच्या वासाचं आमिष ठेवलेल्या) मेसेजवाला थोतांड म्हणतो, कारण त्यानं अळी मरत नाही. नाहीच मरत. त्यात फक्त नर पतंग येतात आणि तो मोजायला लावायचा असतो, हेक्टरी पाच. एका सापळ्यात ओळीनं दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले तर समजायचं, आता अंडी पडतायत. मेसेजमधल्या ढगांपेक्षा ही खबर पक्की.

बीटीवर मात्र जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथं आहे. बीटी हा जमिनीतच सापडणारा जीवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला आणि १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला; त्यांनीच त्याला थुरिंजिया प्रांतावरून नाव दिलं. या जीवाणूत प्रथिनाचा एक स्फटिक असतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी, त्यात तो विरघळतो, तिच्या आतड्याच्या भिंतीला ठरावीक ठिकाणी चिकटतो आणि भिंतीला भोकं पाडतो. आपलं पोट आम्लाचं आणि चिकटायला लागणाऱ्या त्या जागा आपल्या आतड्यात नाहीत. म्हणून जे विष अळीला, ते माणसाला, गुराला लागू पडत नाही. कपाशीशी नातं आहे, ते नाकारत नाही. २००२ पासून आपल्याकडं पेरली जाणारी बीटी कपाशी याच जीवाणूचं जनुक घेऊन तयार केली. पण हरभऱ्यावर आपण जीवाणूची पावडर फवारतो, बियाण्यात काही बदललेलं नसतं.  

मग लोक 'बीटी मारलं, काही झालं नाही' का म्हणतात? कारण सकाळी फवारून दुसऱ्या दिवशी ते अळी हलते का बघतात. ती हलतेच. फक्त खायची थांबलेली असते, आणि मरायला दोन-तीन दिवस, कधी जास्त लागतात. शिवाय औषध तिच्या पोटात गेलं पाहिजे, आणि उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून ऊन कलल्यावर फवारायचं. मोठ्या अळीवर त्याचा जोर चालत नाही. घाटेअळीच्या विषाणूचंही, एचएएनपीव्हीचंही, असंच: हेक्टरी ५०० एलई (विषाणू मोजायचं माप, अळी-तुल्य), संध्याकाळी, अळ्या बारीक असताना. काही दिवसांनी शेंड्याला डोकं खाली करून लोंबणाऱ्या काळपट, पाणी झालेल्या अळ्या दिसल्या की काम झालं. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येते.

बीटीचा खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. ते रेशीमकिड्याला मारतं. सापडलंच मुळी तिथं. माझ्या शेजाऱ्याची तुती आहे. वारा त्याच्याकडं असेल तर मी त्या संध्याकाळी पंप उचलत नाही, आणि त्याला आधी फोन करतो.

'दोन-तीन औषधं एकत्र, डबल डोस' या ओळीला मात्र राग येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. अंगापेक्षा उंच वाढलेली कपाशी, अंगावर साधा सदरा, आणि पंपात कोणी कोणी मिसळलेली औषधं. ते विसरायला फार वर्षं झालेली नाहीत. आणि डोस वाढवून ही अळी हरते असंही नाही. १९८७ मध्ये आंध्रात कपाशीवर हिनं पायरेथ्रॉइड औषधांना दाद देणं सोडलं. लोक फवारत राहिले, अळी खात राहिली. जी विषातून वाचते तिचीच पिल्लं पुढच्या हंगामात येतात. मोजणी पातळीच्या वर गेली आणि अळ्या वाढलेल्या असतील तर एकच औषध घ्यावं: १० लिटर पाण्याला इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी ४.४ ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी २.५ मिली. हे प्रमाण साध्या हातपंपाचं. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, तिथं एकरी मात्रा धरावी. पुढची फवारणी लागलीच तर औषध बदलावं. एका दुकानदारानं मला एकदा तीन बाटल्या एका पिशवीत घालून दिल्या होत्या, 'हे सगळं एकत्र जातं' म्हणून. दोन परत केल्या, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पक्षीथांब्याला काही खर्च नाही. पऱ्हाटीची नाहीतर बांबूची काडी, वर आडवी काडी, हेक्टरी वीस तरी. कोतवाल आणि साळुंक्या दिवसभर तिथं बसून अळ्या टिपतात. हरभऱ्यासोबत मूठभर ज्वारी पेरली तर ताटंच थांब्याचं काम करतात. पुस्तकी म्हणायचं तर त्या कोतवालाला पुस्तक वाचता येत नाही. ट्रायकोग्रामाची (किडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांची) कार्डं मात्र हरभऱ्यात लावू नका; टोमॅटोत चालतात, इथं आंबेपुढं त्या इवल्या गांधीलमाश्यांचा टिकाव लागत नाही.

निंबोळी अर्क पाच टक्के: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यानं गाळायची, साबण घालून १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. फुलं लागताना पहिली फवारणी याची. यानं मादी अंडी घालायला कचरते, बारीक अळी खात नाही, वाढत नाही. वाढलेल्या अळीवर ते मारून 'रिझल्ट नाही' म्हणणाऱ्यांनीच त्याला थोतांड ठरवलंय.

रविवारी साडूच्या रानात गेलो. पेपर अंथरून ओळ झटकली तर मीटरला सरासरी तीन अळ्या भरल्या, बहुतेक तांदळाच्या दाण्याएवढ्या. आसपास तुती नव्हती. संध्याकाळी त्यानं बीटी मारलं. सकाळी फोन, "अहो, त्या तर अजून हलतायत." म्हटलं, बुधवारी बघा. बुधवारी पुन्हा ओळी झटकल्या तेव्हा दोन-तीन ठिकाणी मिळून एक जिवंत सापडली. शाम्पूच्या डझनभर पुड्या त्यानं आणून ठेवल्याच होत्या, त्या मेव्हणीनं न्हाणीत नेऊन ठेवल्या.