‘सोर्स वाचा’ म्हणजे नेमकं काय वाचायचं? पायएम्ब्रॉयडरीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

पायएम्ब्रॉयडरी या भरतकामाच्या फायली लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या पायथन लायब्ररीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं युनिफॉर्मवरच्या भरतकामाचं जॉबवर्क आहे. शाळांच्या नावांच्या डीएसटी फायली (भरतकामाचं मशीन वाचतं त्या) तुम्ही पायथनमधून काढून बघितल्या. स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. मशीनवर मात्र अक्षरांच्या मधला दोरा कापला गेला नाही, लोगो उलटा आला आणि टाक्यांचा आकडा पंचरच्या (चित्रावरून टाके बसवून देणाऱ्याच्या) आकड्याशी जुळेना. यावर तुमचं म्हणणं असं की ‘डॉक्युमेंटेशन नसेल तर सोर्स (मूळ कोड) वाचा’ म्हणणं म्हणजे हात झटकणं आहे, लायब्ररी अर्धवट आहे, आणि धंदा करणाऱ्याने सरळ विकतचं पंचिंग सॉफ्टवेअर घ्यावं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर मिटतो. पायएम्ब्रॉयडरी पंचिंग, म्हणजे चित्रावरून टाके ठरवणं, करतच नाही. अंडरले (खालचे आधाराचे टाके), पुल कॉम्पेन्सेशन (कापड ओढलं जातं त्याची भरपाई), सॅटिनची (दाट नागमोडी टाक्यांच्या पट्टीची) दिशा यातलं काही तिला कळत नाही. तिला कळतात ते फक्त बिंदू आणि कमांड: इथे टाका, इथून उडी, इथे दोरा काप, इथे रंग बदल. ते ती वेगवेगळ्या मशीनच्या फायलींत लिहिते आणि त्यातून वाचते. एका लोगोसाठी तुमचा पंचर किंवा इंकस्केपवरचं इंक-स्टिच बरं. (इंक-स्टिचही आतून याच लायब्ररीवर आधारलेली प्रत वापरतं.) पण जूनच्या आधी एकाच शाळेची तीनशे नावं एकाच मापात काढायची असतील, किंवा जुन्या फायलींचा ढीग एका झटक्यात बदलून टाके मोजायचे असतील, तर माऊस घेऊन बसण्यात अर्थ नाही. तिथे ही लायब्ररी कामाची.

आता मुख्य तक्रार. रीडमी फाइल (लायब्ररीसोबत येणारं माहितीपत्रक) वाचून भागत नाही हे खरं. तिच्यात संकल्पना आहेत, पण प्रत्येक फंक्शनचा संदर्भ नाही आणि पायरीपायरीने शिकवणारंही काही नाही. मात्र सोर्स वाचायचं म्हणजे पहिल्या ओळीपासून पोथीसारखं वाचायचं नव्हे. आधी लायब्ररीला एक छोटा प्रश्न विचारायचा, उत्तर कागदावर उतरवायचं, आणि जिथे आपला अंदाज चुकला तेवढीच फाइल उघडायची. तुमच्याच तीन अडचणींवर हे करून बघू. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो; कोडमध्ये शोधताना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर धरा.

चाचणीचा नमुना असा घ्या: इंग्रजी एल अक्षर, उभी काडी 20 मिमी, आडवी 10 मिमी. लायब्ररीचं एकक मिलिमीटरचा दहावा भाग आहे, म्हणजे 0,0 पासून 0,200 पर्यंत खाली आणि तिथून 100,200 पर्यंत उजवीकडे. दर 25 एककांवर, म्हणजे अडीच मिमीवर, एक टाका. एकूण 13 बिंदू. मग दुसरा एल 400,0 पासून, तसाच. एवढंच. शाळेचा लोगो घेऊन चाचणी करू नका. त्यात एकाच वेळी दहा गोष्टी बिघडतात आणि कोणती कशामुळे ते कळत नाही.

इथेच पहिला खड्डा आहे. पॅटर्नमधल्या यादीत प्रत्येक टाका एक्स, वाय, कमांड या क्रमाने असतो, पण ‘ॲड स्टिच ॲब्सोल्यूट’ला कमांड आधी द्यावी लागते, मग एक्स आणि वाय. उलट दिलंत तर एक्सचा आकडा कमांड म्हणून जातो. एररही येत नाही, फक्त नक्षीचा चुथडा होतो.

नमुना तयार झाला की तो आधी सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) लिहा. लायब्ररीला सीएसव्ही लिहिता येतं आणि तिच्यात प्रत्येक टाका त्याच्या कमांडच्या नावासह एका ओळीत दिसतो. मग तोच पॅटर्न डीएसटीत लिहा, ती डीएसटी परत वाचा आणि तिचीही सीएसव्ही काढा. पहिली सीएसव्ही म्हणजे तुम्ही काय सांगितलंत. दुसरी म्हणजे मशीनपर्यंत काय पोचलं. दोन्ही शेजारी ठेवून बघा. जिथे फरक दिसेल तिथे तुमच्या मनातलं आणि लायब्ररीच्या मनातलं वेगळं आहे. स्क्रीनवरच्या चित्रात हे दिसत नाही, कारण चित्रात उडी आणि कापलेला दोरा यांत फरक करायचं बंधन कुणावर नाही.

तुमचा न कापलेला दोरा असाच सापडतो. डीएसटीत एका टाक्याची नोंद 3 बाइटची असते आणि त्यात प्रत्येक अक्षावरचं अंतर 81, 27, 9, 3 आणि 1 यांच्या बेरीज-वजाबाकीने लिहिलं जातं. सगळ्यांची बेरीज 121. म्हणून एका नोंदीत 12.1 मिमीच्या पलीकडे जाताच येत नाही. आता पहिल्या एलच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत आडवं अंतर 30 मिमी आहे. मध्ये काही न सांगता तुम्ही सरळ पुढचा टाका दिलात तर लायब्ररीला तो एक लांबलचक टाका वाटतो. सेटिंग न बदलता ती जवळ जाईपर्यंत जंप (न शिवता उडी) टाकते आणि शेवटी एक टाका मारते. दोरा कापायची सूचना कुणीच दिलेली नसते, म्हणून तो लोंबतो. अक्षरांतलं अंतर 12.1 मिमीच्या आत असेल तर याहून वाईट: तो टाका सरळ शिवलाच जातो आणि दोन अक्षरांच्या मध्ये तार ओढल्यासारखी दिसते.

उपाय: दोन अक्षरांच्या मध्ये ‘ॲड कमांड’ने ‘सीक्वेन्स ब्रेक’ द्या. त्याचा अर्थ रंग तोच, पण दोरा कापून पुढे जा. ‘स्टिच ब्रेक’ दिलात तर नुसती उडी पडते, ट्रिम (दोरा कापणं) नाही. ‘कलर ब्रेक’ म्हणजे रंगबदल. हे तिन्ही एकेक करून त्याच दोन एलवर लावा आणि दुसरी सीएसव्ही कशी बदलते ते बघा. दहा मिनिटांत जे कळतं ते रीडमी चारदा वाचून कळणार नाही.

पण ट्रिमची गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमची खरी अडचण बहुधा पुढे आहे. डीएसटी फाइलमध्ये ‘दोरा काप’ अशी कमांडच नाही. लायब्ररी ट्रिमच्या जागी जागच्या जागी पुढे-मागे होणाऱ्या छोट्या जंप लिहिते, ज्यांची बेरीज शून्य येते. सेटिंग न बदलता त्यांची संख्या 3. पलीकडे मशीनच्या पॅरामीटरमध्ये ‘सलग किती जंप आल्या तर ट्रिम’ असा आकडा असतो. मशीनवर तो 5 असेल आणि फाइलमध्ये 3 जंप असतील तर मशीन ढिम्म हलणार नाही. तुमची फाइल बरोबर, मशीनही बरोबर, आणि तरी दोरा कापला जात नाही. मशीनवरचा आकडा बघा, आणि लिहिताना सेटिंगच्या डिक्शनरीत ‘ट्रिम ॲट’ला तोच आकडा द्या. पंचरच्या इतर फायली त्याच मशीनवर नीट चालत असतील तर मशीनचा पॅरामीटर अजिबात बदलू नका, फायलीतला बदला.

यातूनच एक फसवणूक होते. डीएसटी वाचतानाही लायब्ररी अंदाजच करते: सलग 3 किंवा जास्त जंप दिसल्या की तिथे ट्रिम होती असं धरते. त्यामुळे परत वाचलेल्या सीएसव्हीत तुम्ही न दिलेली ट्रिम दिसू शकते, कारण 25 मिमीच्या उडीलाही 3 जंप लागतात. (12.1 ची दुप्पट 24.2.) मशीनही तिथे तसंच वागतं, म्हणजे लांब उडीला आपोआप कापतं आणि जवळच्याला सोडतं. ‘कधी कापतो, कधी नाही’ असं तुम्ही लिहिलंय त्याचा उलगडा इथे आहे. उघडायची फाइल एकच: डीएसटी रायटर. छोटी आहे. त्यात ट्रिम शोधा, सगळं त्या चार-पाच ओळींत आहे. आणि ती तुमच्या संगणकावर पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने) आलेली प्रत उघडा. गिटहबवर (लायब्ररीचा कोड ठेवलेल्या साइटवर) दिसते ती आणि तुमच्याकडची एकच असेल असं धरून चालू नका.

लोगो उलटा येण्याची दोन कारणं असू शकतात आणि एल अक्षर ती वेगळी करून दाखवतं. आडवी काडी वर गेली पण उजवीकडेच राहिली, तर आरसा झालाय: लायब्ररीत वाय खालच्या दिशेने वाढतो, फॉन्टच्या आकृतींत वरच्या दिशेने. तुमच्या कोडमध्ये वायला एकाच जागी उणे एकने गुणा. तीन ठिकाणी गुणलंत तर गोंधळ तुमच्या घरचा. आडवी काडी वर आणि डावीकडे गेली असेल तर नक्षी 180 अंशात फिरली आहे. तो कोडचा दोष नव्हे, मशीनवर फ्रेमची दिशा तपासा.

टाक्यांचा आकडा. हे धंद्याचं आहे, कारण हजार टाक्याला भाव ठरतो. ‘काउंट स्टिचेस’ हे नाव फसवं आहे: ते यादीतल्या सगळ्या नोंदी मोजतं, जंप, ट्रिम, रंगबदल, शेवट धरून. डीएसटीच्या हेडरमध्येही (फायलीच्या सुरुवातीच्या माहितीतही) हाच आकडा जातो. फक्त टाके हवे असतील तर ‘काउंट स्टिच कमांड्स’ला स्टिच ही कमांड द्या, आणि तेही मूळ पॅटर्नवर न मोजता ‘गेट नॉर्मलाइज्ड पॅटर्न’मधून निघालेल्या पॅटर्नवर किंवा परत वाचलेल्या डीएसटीवर मोजा. मूळ पॅटर्नवर रंगबदल मोजलेत तर शून्य येईल, कारण तिथे अजून फक्त ‘कलर ब्रेक’ आहेत; त्यांचे खरे रंगबदल लिहिताना होतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेच्या कपड्यावर हे आधी फसेल: लायब्ररी स्वतःहून लॉकचे टाके टाकत नाही. ट्रिमनंतर अक्षर सुरू होताना आणि संपताना बारीक टाके नसतील तर दोन धुण्यांत दोरा निघतो. ‘टाय ऑन’ आणि ‘टाय ऑफ’ या सेटिंग आहेत. त्यांच्या किमती एम्ब कॉन्स्टंट फाइलमध्ये ‘काँटिंजन्सी’ने सुरू होणाऱ्या नावांत सापडतील, त्यातली ‘थ्री स्मॉल’ घ्या.

देवनागरी नावांसाठी एक. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी शिवली तर कापड ओढलं जाऊन तुकड्यांत फटी पडतात. शिरोरेषा शेवटी, शब्दभर एकच सॅटिन पट्टी म्हणून टाका. 60 मिमी लांब, 2 मिमी रुंद, टाक्यांत 0.4 मिमी अंतर: वाय 0 आणि 20 मध्ये आलटून-पालटून, एक्स दर बिंदूला 2 ने पुढे, सुमारे 300 टाके. 0.35 मिमी हवं असेल तर पाऊल 1.75 येतं आणि डीएसटीला पूर्णांक लागतो. इथे सापेक्ष (मागच्या बिंदूपासूनची) अंतरं घेऊन स्वतः अपूर्णांक छाटू नका. 300 बिंदूंत 52.5 मिमीची रेघ 30 मिमीवर येते. निरपेक्ष (0,0 पासून मोजलेले) बिंदू द्या, पूर्णांक करायचं काम लायब्ररीवर सोडा. आणि पॅटर्नचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवा: हेडरमध्ये नावाला 16 जागा आहेत, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट खातं.

कमांड तपासताना आणखी एक काळजी. कमांडच्या आकड्यात फक्त खालचा बाइट कमांडचा आहे. वरच्या बाइटांत दोऱ्याचा आणि सुईचा क्रमांक असू शकतो. म्हणून सरळ बरोबरीने तुलना न करता आधी ‘कमांड मास्क’ लावा, म्हणजे फक्त खालचा बाइट उरेल. नाहीतर तुमच्या एका फाइलवर कोड चालेल आणि बहुसुईच्या फाइलवर मुकाट्याने काहीच सापडणार नाही.

लायब्ररी अर्धवट आहे का, यावर आपलं एकमत होणार नाही. लिहिणं-वाचणं एवढं एक काम ती पक्कं करते असं माझं मत आहे. समजावून सांगण्यात ती कंजूष आहे, हे कबूल. तरीही काही अडलं तर गिटहबवर इश्यू टाकता येतो, पण ‘मशीनवर चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर कुणी काही सांगू शकणार नाही. दोन एलचा कोड, लायब्ररीची आवृत्ती, दोन्ही सीएसव्ही आणि काय अपेक्षित होतं ते एका ओळीत, एवढं हवं.

तुमच्या बाबतीत आधी दोन गोष्टी कळवा: मशीनवर ट्रिमचा जंप-आकडा किती आहे, आणि दोन एलच्या परत वाचलेल्या सीएसव्हीत मधल्या ओळी कशा दिसतात. खाली प्रतिक्रियेत चिकटवा, त्यावरून पुढचं बघू.